तार कुणाची, नाव कुणाचे?

पदवीच्या वर्गाला व्याकरण शिकवीत होतो. विषय कर्मणी प्रयोगाचा. 'खिडकीची काच फोडली गेली' हे वाक्य फळ्यावर लिहून मी विचारले, "यात कर्ता कोठे आहे?" तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याचा मोबाइल वाजू लागला. खालच्या पट्टीतली, दात-ओठ खात दबक्या पावलांनी पुढे येणारी गिटारची ती चाल ऐकून सारा वर्ग हसला. मीही हसलो आणि विचारले, "कुणाची रे ही चाल?" तीन-चार जण एकदम ओरडले, "सर, जेम्स बाँडची!"

वाचकहो, उत्तर ऐकून मला मोठी मौज वाटली. जेम्स बाँड हा माणूस पृथ्वीच्या पाठीवर कधी जन्मलाच नाही. इयान फ्लेमिंग नावाच्या कादंबरीकाराच्या टंकलेखन यंत्रातून तो बाहेर पडला. आणि तरीही ती चाल जगभर त्याच्याच नावावर खपते! ज्याच्या बोटांनी ती तार पहिल्यांदा छेडली, तो हाडामांसाचा माणूस मात्र वाक्यातल्या अध्याहृत कर्त्यासारखा साठ वर्षे आडच राहिला. त्याचे नाव व्हिक फ्लिक. आज त्याचीच हकिगत सांगायची आहे.

रणगाड्याचा माइक आणि वडिलांचा रेडिओ

व्हिक्टर हॅरल्ड फ्लिक याचा जन्म १४ मे १९३७ रोजी इंग्लंडातील सरे परगण्यात, वूस्टर पार्क येथे झाला. घर मध्यमवर्गीय, पण सुरांचे. लहानपणी पियानोची तालीम झाली. पुढे घरच्या आणि शेजारपाजारच्या मंडळींनी मिळून एक छोटा वाद्यमेळ उभा केला. पियानोवाला त्यात आधीच होता. गिटारवाला नव्हता. म्हणून चौदाव्या वर्षी या मुलाने गिटार हाती घेतली. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाद्यमेळांतली रिकामी जागा भरण्याचे काम त्याला करायचे होते. त्याची सुरुवात अशी घरातूनच झाली.

अडचण एकच होती. साध्या लाकडी गिटारीचा आवाज इतर वाद्यांत बुडून जाई, आणि आवाज वाढविणारे यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती. युद्ध नुकतेच संपले होते आणि लष्करी सामानाचे अवशेष बाजारात स्वस्त मिळत. रणगाड्यातला अधिकारी गळ्याला बांधून बोलतो, तसला एक माइक या पोराने पैदा केला, गिटारीच्या खुंट्यांजवळ चिमटवून बसविला आणि त्याची तार वडिलांच्या रेडिओत खुपसली. झाली विजेची गिटार तयार! अडलेल्या वेळी हाताशी असेल त्या वस्तूने सूर साधायचा, ही त्याची खोड पुढे एका मोठ्या प्रसंगी कामी आली. तो प्रसंग पुढे येईलच.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात 'स्किफल' नावाच्या संगीताचे खूळ माजले होते. कपडे धुण्याच्या फळीपासून चहाच्या खोक्यापर्यंत काहीही वाजवावे आणि त्यावर गिटारीच्या साथीने गावे, असा तो प्रकार. फ्लिक बॉब कॉर्ट याच्या स्किफल मेळात वाजवू लागला. एका दौऱ्यात जॉन बॅरी या ट्रंपेटवादकाचे पथकही त्यांच्या बरोबर होते. बॅरी यॉर्क शहरचा, चित्रपटगृहांच्या मालकाचा मुलगा. पडद्यावरचे चित्र आणि त्यामागचे संगीत यांचे नाते त्याने बालपणापासून पाहिलेले. त्याने फ्लिकच्या हातातली चमक हेरली आणि १९५८ साली त्याला आपल्या 'जॉन बॅरी सेव्हन' या पथकात मुख्य गिटारवादक म्हणून घेतले.

येथून फ्लिकची गिटार लोकांच्या कानांवर पडू लागली. बी.बी.सी.च्या 'ज्यूक बॉक्स ज्युरी' या लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमाची ओळखधून म्हणून १९६० साली बॅरीची 'हिट अँड मिस' ही धून घेतली गेली. तिच्यातली गिटार फ्लिकची. त्याच वर्षीच्या 'बीट गर्ल' या चित्रपटातही त्याचीच गिटार खणखणली. दर आठवड्याला घरोघर ती धून वाजे, आणि घरोघर वादकाचे नाव ठाऊक नसे.

तीन तासांचे बिऱ्हाड

फ्लिक ज्या पेशात पुढे पूर्णपणे शिरला, त्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. इंग्रजीत अशा कलावंताला 'सेशन' वादक म्हणतात. तो कुठल्याही एका पथकाचा नसतो. ध्वनिमुद्रण असेल तेव्हा त्याला बोलावणे येते. त्याने यावे, समोर ठेवलेले स्वरलेखन पाहताक्षणी वाजवावे, ठरलेली बिदागी घ्यावी आणि पुढच्या स्टुडिओची वाट धरावी. लंडनमध्ये हे काम तीन-तीन तासांच्या पाळ्यांत चाले. सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच आणि रात्री सात ते दहा. एखाद्या दिवशी सकाळी विरहगीत, दुपारी साबणाची जाहिरात आणि रात्री चित्रपटातला खून, अशी तिन्ही कामे एकाच गिटारीवर होत. वादकांना बोलावण्याचे काम करणाऱ्या मध्यस्थाला तिकडे 'फिक्सर' म्हणत. आपल्याकडे या शब्दाला जरा वास येतो. तिकडे तो धंद्यातला सरळ शब्द.

या पेशाला तीन गुण लागत. स्वरलेखन वर्तमानपत्रासारखे झरझर वाचता यावे, वेळेवर पोहोचावे, आणि आपला अहंकार दाराबाहेर छत्रीबरोबर ठेवून यावे. तबकडीवर नाव छापले जाई गायकाचे. फार तर संगीत-दिग्दर्शकाचे. गिटार कुणी वाजविली हे सांगण्याची चालच नव्हती. कित्येकदा तबकडीवर एखाद्या तरुण पथकाचे नाव असे आणि आतले वादन मात्र या भाड्याच्या मंडळींचे असे. स्टुडिओचे भाडे तासावर. नवख्या पोरांच्या चुका दुरुस्त करण्यात वेळ घालविण्यापेक्षा एका फटक्यात काम उरकणारे जाणते वादक निर्मात्याला स्वस्त पडत.

बिस्वासबाबूंची शिंक

आता आपल्या कथेतील सर्वांत चमत्कारिक वळण येते, आणि ते आपल्या घराजवळून जाते.

व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. त्रिनिदाद बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करार करून नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ही कहाणी. तिचा नायक मोहन बिस्वास जन्मतो तोच सहा बोटे घेऊन. पंडित पंचांग उघडतात आणि भविष्य वर्तवितात की या मुलाची शिंक अपशकुनी ठरेल. घरातून निघताना कुणी शिंकले की क्षणभर थबकणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे भविष्य मुळीच परके वाटले नसते.

या कादंबरीवर संगीत नाटक करण्याचा बेत लंडनमध्ये झाला आणि गाणी रचण्याचे काम माँटी नॉर्मन या संगीतकाराकडे आले. त्याने त्या अपशकुनी शिंकेवर एक गाणे बांधले आणि त्याला हिंदुस्थानी वळणाची चाल दिली. नाटक काही रंगभूमीवर आले नाही. गाणे नॉर्मनच्या खणात पडून राहिले.

पुढे 'डॉ. नो' या पहिल्या बाँडपटाचे संगीत नॉर्मनकडे आले. चित्रीकरण जमेका बेटावर होते. तो तेथे गेला, तिकडच्या ढंगाची गाणी त्याने केली. नायकाची ओळख करून देणारी धून मात्र मनाजोगी जमेना. तेव्हा त्याला खणातले ते गाणे आठवले. त्यातले लांब स्वर तोडून त्याने त्यांचे तुकडे तुकडे केले, आणि शिंकेच्या गाण्यातून गुप्तहेराची चाल निघाली! तरीही निर्मात्यांचे समाधान होईना. मग जॉन बॅरीला बोलावणे गेले. या चालीला उठाव द्या, तेही झटपट, असे त्याला सांगण्यात आले. बॅरीने चित्रपट पाहिलाही नव्हता. त्याने वाद्यमेळाची मांडणी केली, पितळी वाद्यांचा दणदणाट योजला आणि मुख्य सूर गिटारीकडे सोपविला.

गिटार म्हटल्यावर त्याला दुसरे कोण आठवणार?

२१ जून १९६२

त्या दिवशी लंडनच्या बेजवॉटर भागातील सी.टी.एस. स्टुडिओत फ्लिक गिटार घेऊन हजर झाला. गिटार 'क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन डी लक्स' जातीची, मोठ्या पोटाची, १९३९ सालची. तिच्यावर तारांचा कंप टिपणारा विजेचा 'पिक-अप' बसविलेला. हा पिक-अप तारांपासून जरा खाली राही, त्यामुळे आवाजाला हवी तशी धार येईना. फ्लिकने खिशातले सिगारेटचे पाकीट काढले, चुरगाळून त्या पिक-अपखाली सारले आणि त्याला तारांजवळ उचलून घेतले. रणगाड्याच्या माइकची आठवण होते ना?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही चाल आधी वरच्या सप्तकात होती. तिच्यात गोडवा होता, पण दरारा नव्हता. ती एक सप्तक खाली, गिटारीच्या सर्वांत जाड तारेवर न्यावी, अशी सूचना फ्लिकने केली. आपल्या भाषेत सांगायचे तर चाल मध्यातून उचलून खर्जात ठेविली. मग त्याने टणक नखी घेतली आणि घोडीजवळ, तारेवर जोराचा आघात करीत ती चाल वाजविली. ठेक्यावर बसून नव्हे, तर ठेक्याच्या किंचित पुढे राहून. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की कुणीतरी आपल्या पुढे अर्धे पाऊल चालले आहे आणि आपल्याला त्याला गाठायचे आहे. पाठलागाचा सारा थरार त्या अर्ध्या पावलात आहे.

हे काही कागदावर लिहिलेले नव्हते. स्वर लिहिता येतात, त्यांची लांबी लिहिता येते. नखीचा दाब कसा लिहिणार? चुरगाळलेल्या पाकिटाची जाडी कोणत्या चिन्हाने दाखविणार?

काम संपले. फ्लिकला बिदागी मिळाली ती सहा-सात पौंड. तेव्हाच्या दराने आपले ऐंशी-नव्वद रुपये. गिटार पेटीत घालून तो बाहेर पडला. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये 'डॉ. नो' झळकला. योगायोग असा की त्याच दिवशी बीटल्सची 'लव्ह मी डू' ही पहिली तबकडी ब्रिटनच्या बाजारात आली. एकाच दिवशी दोन वादळे उठली. एका वादळातली चार पोरे वर्ष-दोन वर्षांत घरोघर पोहोचली. दुसऱ्या वादळाची तार छेडणारा मात्र पुढच्या पाळीला वेळेवर हजर राहिला.

रोजचे काम

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे लंडनच्या स्टुडिओंत फ्लिकला उसंत नव्हती. १९६४ साली पीटर आणि गॉर्डन या जोडीने 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह' हे गाणे गायिले आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातली बारा तारांची गिटार फ्लिकची. त्याच वर्षी पेटुला क्लार्कच्या 'डाउनटाउन'साठी तीन गिटारवादक बसले, त्यांतला एक फ्लिक. बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात रिंगो एकटाच नदीकाठी भटकत असतो. तेव्हा मागे जी उदास गिटार वाजते, तीही फ्लिकचीच. बीटल्सच्या चित्रपटात बीटल नसलेल्या माणसाची गिटार! 'गोल्डफिंगर'सारख्या पुढच्या बाँडपटांतही तो होताच.

'डाउनटाउन'च्या त्या दुसऱ्या दोन गिटारवादकांकडेही पाहण्यासारखे आहे. एक जिम सलिव्हन. याला सतारीने इतके वेडे केले की त्याने सतार शिकून तिच्या तबकड्या काढल्या. दुसरा विशीतला जिमी पेज. यानेही काही वर्षे पाळ्या भरल्या, मग हा पेशा सोडून १९६८ साली 'लेड झेपेलिन' हे पथक काढले आणि जगद्विख्यात झाला. एकाच खोलीत, एकाच गाण्यासाठी, सारख्याच करारावर बसलेले हे तिघे. पेजच्या अंगी गुण होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने एक गोष्ट जाणली. भाड्याच्या खोलीत कितीही सुंदर रांगोळी काढली तरी घर मालकाचेच राहते.

हिशेब

आता जमाखर्च मांडू.

चाल अधिकृतपणे माँटी नॉर्मनच्या नावावर आहे. ती नॉर्मनची नसून खरी बॅरीचीच, अशा अर्थाचा मजकूर लंडनच्या 'संडे टाइम्स'ने १९९७ साली छापला. नॉर्मनने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि मार्च २००१ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल देऊन तीस हजार पौंडांची भरपाई देवविली. ज्या नायपॉलांच्या कादंबरीतून हे सारे निघाले, त्यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळावे, हाही एक योगच. या खटल्याच्या निमित्ताने आकडे बाहेर आले. १९७६ ते १९९९ या काळात नॉर्मनला या चालीच्या मानधनापोटी सुमारे सहा लाख पौंड मिळाले होते. बॅरीला त्या कामाचे एकरकमी अडीचशे पौंड मिळाले. पुढे बाँडपटांचे संगीत त्याच्याकडे आले आणि त्याने कीर्तीही मिळविली. आणि फ्लिक? सहा-सात पौंड.

भांडण चालले ते दोघांत. चाल रचणारा थोर की तिला रूप देणारा? वाजविणाऱ्याचा हक्क हा त्या दाव्याचा मुद्दाच नव्हता. कायद्याला तसे विचारण्याची सोयही नव्हती. कायदा म्हणतो, कागदावर जे लिहिता येते त्याला मालक असतो. तारेवर जे घडते त्याची मजुरी असते.

वादकाकरिता पुढे कायदा थोडा हलला, पण त्यातही दैवाने गंमत केली. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१३ पासून ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासऐवजी सत्तर वर्षे झाली. एकरकमी बिदागी घेतलेल्या वादकांसाठी या वाढीव वर्षांच्या उत्पन्नातला वीस टक्के वाटा बाजूला काढावा, असेही ठरले. फ्लिकसारख्यांसाठीच केलेली तरतूद ही! पण ती लागू झाली ज्या तबकड्यांचा हक्क त्या दिवशी जिवंत होता त्यांना. १९६२ साली बाजारात आलेल्या तबकड्यांची पन्नाशी २०१२ च्या अखेरीस भरून गेली होती. १९६४ सालची 'डाउनटाउन' सवलतीच्या उंबरठ्याच्या आत आली. १९६२ सालची बाँडची तबकडी दहा महिन्यांनी बाहेर राहिली. बिस्वासबाबूंची शिंक कुणाला भोवली म्हणावे?

मग हा अन्याय म्हणायचा का? दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फ्लिकला कुणी फसविले नव्हते. ठरलेले पैसे वेळेवर मिळाले होते. शिवाय हजारो पाळ्यांतली कोणती अमर होणार, हे त्या सकाळी कुणालाच ठाऊक नसते. जी गाणी आपटली, त्यांचीही बिदागी वादकाने घेतलेलीच असते. निर्माता तोटा सोसतो, म्हणून नफाही त्याचा. हा युक्तिवाद खोटा नाही.

पण तो पुरताही नाही. आपल्याकडे एकच बंदिश दोन गवई गातात आणि आपण दोन निराळ्या गोष्टी ऐकतो. बंदिश कुणी बांधली हे कित्येक श्रोत्यांना ठाऊकही नसते. गायिली कुणी, हे मात्र प्रत्येक जण सांगतो. मैफलीत आपण रचनाकाराला विसरतो आणि स्टुडिओत वादकाला विसरतो. दोन्ही विसर सारखेच. फरक इतकाच की मैफलीतल्या विसराने कुणाचे बिऱ्हाड अडत नाही. जी चाल वरच्या सप्तकात राहिली असती तर कदाचित त्याच खणात परत गेली असती, तिला खर्जात आणणाऱ्याला नुसता मजूर कसे म्हणावे?

उशिराने उजाडले

फ्लिकने या गोष्टीवर डोके आपटून घेतले नाही. तो पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसकडे स्थायिक झाला. १९८९ सालच्या बाँडपटासाठी एरिक क्लॅप्टनबरोबर त्याने एक धून वाजविली. ती काही चित्रपटात घेतली गेली नाही. २००८ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि नाव दिले 'गिटारमन'. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्वतःबद्दल एवढेच सांगावे, गिटारवाला!

२०१२ साली बाँडपटांना पन्नास वर्षे झाली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्या निमित्ताने संगीताची एक संध्याकाळ योजिली. तेथे पंचाहत्तर वर्षांचा फ्लिक रंगमंचावर आला आणि त्याने ती चाल वाजविली. पन्नास वर्षांनी त्या सुराला चेहरा मिळाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील गिटार संग्रहालयाने त्याला जीवनगौरव दिला. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी तो वारला. अखेरच्या काळात अल्झायमरच्या विकाराने त्याला ग्रासले होते. ज्याला जगाने आठवणीत ठेविले नाही, त्याची स्वतःची आठवणही शेवटी अशी हिरावली जावी, याला काय म्हणावे?

असो. त्या दिवशी वर्गात मी मोबाइल जप्त केला नाही. त्या मुलाला म्हटले, "आणखी एकदा वाजव." त्याला वाटले सर चेष्टा करीत आहेत. पण त्याने वाजविला. मग फळ्यावरचे वाक्य पुसून मी दुसरे लिहिले, 'गिटार वाजविली गेली', आणि विचारले, "कर्ता सांगा." वर्ग गप्प. मी खडूने शेजारी दोन शब्द लिहिले, व्हिक फ्लिक. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने ते वहीत उतरून घेतले. एरवी तो काहीच उतरून घेत नाही.